मानाच्या सुपातलं बिडीचं बंडल

"काशीआत्या गाणार नसेल तर मी हळद लावून घेणार नाही! मांडव सोडा, आचाऱ्याला परत पाठवा, काय वाटेल ते करा!"

हे मी भर अंगणात ओरडले. लग्नाला पाच दिवस उरलेले, मांडवाचे बांबू रोवणं चाललेलं, आणि नवरी मुलीनं आवाज खाली ठेवायचा असतो हे मला कुणी धड शिकवलंच नव्हतं. बाबा हातात सुतळीचा गुंडा घेऊन तसेच उभे राहिले. गिरजाकाकी म्हणाली, "बघा, धर्मराजभावजी, बघा तुमच्या लाडाचे गुन!" मी म्हटलं, बघू देत. सगळ्या गावानं बघू देत!

थांबा, नीट सांगते. मी जागृती. ही गोष्ट शहाण्णव सालची. नेरुळच्या खाडीकाठी आमचं आगरी गाव. शेतं आणि मिठागरं सरकारनं घेतली, बदल्यात प्लॉट मिळाले, प्लॉटवर इमारती उठल्या, आणि कालपर्यंत मिठात पाय भाजून घेणारी माणसं घरमालक झाली. मी बेलापूरला एका ऑफिसात टायपिंग करायची. लग्न ठरलं होतं नावड्याच्या धनेशशी. तो तळोज्याच्या एका कारखान्यात फिटर होता. मुलगा चांगला होता, अजून आहे.

काशीआत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, आणि आमच्या पंचक्रोशीतली धवलारीण. आमच्यात भटजी येतो, मंगलाष्टकं म्हणतो, जेवून जातो. पण लग्न खरं लावते ती धवलारीण. मांडवापासून हळदीपर्यंत प्रत्येक कामाला तिचं गाणं लागतं, त्याला धवला म्हणतात. ती एक ओळ म्हणते, बाकीच्या बाया तीच ओळ मागून म्हणतात. त्या गाण्यातून ती गावदेवीला बोलावते, खाडीला बोलावते, आणि मग घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात आणून बसवते. ज्याचं नाव राहिलं तो उंबऱ्याबाहेर ताटकळत राहिला, असं आमच्याकडे मानतात.

माझी आई मी पाच वर्षांची असताना गेली. मला वाढवलं ते आत्यानं. वेणी घालताना केस ओढायची, ताप आला की रात्रभर मांडीवर घ्यायची, आणि दहावी पास झाले तेव्हा गावभर पेढे वाटताना माझे मार्क दहाने वाढवून सांगितले! आता माझ्या हळदीला माझ्या आईला मांडवात कोण बोलावणार? उलव्याहून आणलेली कोणी परकी बाई? तिला माहीत तरी आहे का माझी आई कोण ते? म्हणून ओरडले मी. परत ओरडेन.

आत्याचं लग्न पंधराव्या वर्षी झालं, आणि एकोणिसाव्या वर्षी नवरा मिठाच्या होडीबरोबर खाडीत गेला. ती भावाकडे परत आली. तेव्हा गावात बायजाबाई नावाची म्हातारी धवलारीण होती, डोळ्यांनी अधू. तिचा हात धरून आत्या लग्नाला जायची, ती गाताना मागे बसायची. बायजाबाई गेली आणि आत्या पुढे बसली; धवलारीण विधवा असली तरी आमच्यात चालतं. काय आवाज होता! एका दमात सात नावं घ्यायची. एका बिल्डरच्या पोराच्या हळदीला बॅण्डवाले थांबेनात, तेव्हा ही उठली, थेट बॅण्डमास्तरच्या पुढ्यात गेली आणि म्हणाली, "तुजी पिपानी झाली का सांग. देव कवाचे भायेर उबे हायत." बॅण्ड चूप! बिल्डर हात जोडून उभा.

गाणं संपलं की लग्नघरातली वडील बाई धवलारणीला मानाचं सूप देते. त्यात तांदूळ, नारळ, खण, विड्याची पानं, आणि आमच्या गावात बिडीचं एक बंडल. ते बायजाबाईच्या वेळेपासून. तिला ओढायची सवय होती, म्हणून कुणीतरी एकदा ठेवलं, आणि मग तो रिवाजच झाला. आत्या तोवर बिडीला शिवलीसुद्धा नव्हती. पण मानाच्या सुपातलं काही परत द्यायचं नसतं, दिलं तर लग्नघराचा अपमान. पहिली काही बंडलं तिनं फळीवर ठेवून दिली. मग एका पावसाळ्यात एक पेटवली, आणि पुढे गाणं झालं की एक बिडी हवीच असं होऊन बसलं. ती ओढताना बाया तिच्याभोवती बसून हसायच्या. मी लहानपणी काडी पेटवून द्यायची, कौतुकाने.

पंच्याण्णवच्या दिवाळीत ती खोकली आणि पदराला रक्त लागलं. जवळच्या डॉक्टरनं टीबी म्हणून गोळ्या दिल्या. तीन महिने गेले, आत्या वाळत गेली. शेवटी मी ऑफिसातून रजा काढून तिला परळच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथं एक डॉक्टरीणबाई होत्या, बारीक चणीच्या, भरभर बोलणाऱ्या. त्यांनी काही लपवलं नाही. फुप्फुसाचा कॅन्सर. पूर्ण बरा होणार नाही, पण छातीवर मशीननं लाईट दिली, गोळ्या वेळेवर घेतल्या, तर काही महिने बरे जातील. "बरे म्हणजे खरंच बरे," त्या म्हणाल्या. "हिंडता-फिरता येईल."

गावात बातमी पोचायला किती वेळ लागतो? आम्ही घरी यायच्या आत पोचली होती! आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच. दुखतं का, जेवते का, कुणी नाही विचारलं. "बिडी ओढायची ना?" असं विचारायचे, आणि हो म्हटलं की मान हलवायचे, जणू हिशेब लागला. शेजारच्या पोराला टायफॉईड झाला तेव्हा ह्याच माणसांनी त्याच्या उशाशी नारळपाणी आणून ठेवलं होतं. आत्याकडे मात्र लोक दारातूनच बघून जायचे.

सगळ्यात पुढे गिरजाकाकी. ही आमची चुलत काकी, तीन मजली इमारतीची मालकीण, आणि आई नसल्यामुळे आमच्या लग्नघरातली वडील बाई. ती म्हणायची, "आपल्याच हातानं छाती जाललीन, आता देवाला कशाला दोष?" तिनं चहाचा कप वेगळा ठेवला. वर कुजबूज सोडून दिली, की असल्या बाईचा श्वास नवरीवर पडू नये. फेब्रुवारी-मार्चमध्ये गावात चार लग्नं झाली. चारही घरांनी उलव्याहून दुसरी बाई आणली. आमच्या घरावरून हळदीचे ढोल वाजत गेले आणि आत्या आत अंथरुणावर ऐकत पडली होती.

त्यानंतर तिनं भिंतीकडे तोंड केलं. अक्षरशः! दिवसभर भिंतीकडे तोंड करून झोपायची. केस विंचरायची नाही, बोलायची नाही, पेज आणून ठेवली तर तशीच गार व्हायची. मला वाटलं आजारच वाढला. एक दिवस तिची ट्रंक आवरताना मानाच्या खणात बांधलेलं गाठोडं सापडलं. उघडलं तर सगळ्या गोळ्या! पंधरा दिवसांच्या. एकही घेतली नव्हती.

माझं डोकं फिरलं. "आत्या, हे काय आहे?" भिंतीकडूनच उत्तर आलं, "मीच केलंय, मीच भोगन. तुज्या लग्नाआधी गेले तं बरं, तुना सुतक नको, तवा लवकर जाव दे." मी रडले, भांडले, पाय आपटले, आणि दुसऱ्या दिवशी परळला धावले. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तुमच्या आत्याला दोन आजार आहेत. एक छातीत आणि एक मनात. दुसऱ्याला नैराश्य म्हणतात, आणि त्यालाही औषध असतं. लाज वाटून घेण्यासारखं दोन्हींत काही नाही. आणि हो, श्वासानं हा रोग कुणाला होत नाही, गावात दवंडी पिटा." त्यांनी आत्याला मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी नव्या गोळ्या दिल्या. मी रोज समोर उभं राहून, तोंड उघडायला लावून गिळायला लावायची. महिन्याभरात ती बसून जेवायला लागली. पण बोलणं नाही, आणि तोंड भिंतीकडेच.

तर अशी सगळी अवस्था, आणि मी त्या दिवशी अंगणात ओरडलेली. गिरजाकाकीनं हुकमाचा पत्ता काढला: "नावड्याची मानसं काय बोलतील? त्यांना चालनार नाय." मी तडक नाक्यावरच्या एसटीडी बूथवर गेले आणि धनेशच्या कारखान्यात फोन लावला. मागे मशीनची घरघर, तो ओरडतोय, मी ओरडतेय, बूथवाला कान टवकारून ऐकतोय! "तुमच्या घरी आत्याबद्दल कोण काय बोललं?" धनेश म्हणाला, "कुणीच नाय! आई तर विचारत होती, काशीबाय गाणार ना म्हणून. तिच्या लग्नात त्यांनीच गायलंय." मी फोन ठेवला, घरी आले, काकीला सांगितलं. काकी म्हणाली, "बरं बाई, पन ती गायला तं पायजे!"

आणि इथेच अडलं होतं. आत्या तयार नव्हती.

दुपारी मी तिच्या खोलीत हळदीचे तांदूळ पाखडायला बसले आणि मुद्दाम मोठ्यानं धवला म्हणायला लागले. लहानपणापासून ऐकलेला, मला वाटलं पाठ असेल. गावदेवी आली, खाडी आली, आजा आला, आजी आली. मग मी गडबडले. आता पुढे कोण? काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं, "धर्मराज देवा या हो मांडवी..."

"अगो जल्ले!" भिंतीकडून आवाज आला. "जित्या बापाला मेलेल्यांत बसवतेस?"

देवाशपथ, ती चूक मुद्दाम केली नव्हती! बाबा दारात उभे होते, सुतळीचा गुंडा अजून हातातच. ते म्हणाले, "राव दे गो बाय, बसतंय मी." आणि आत्या हसली. वळली, उठून बसली आणि हसत सुटली, हसता हसता खोकली, खोकता खोकता परत हसली. दोन महिन्यांनी ते तोंड मला हसताना दिसलं. किती बारीक झालं होतं! मी सूप टाकून तिच्या गळ्यात पडले.

"आजीनंतर कोन?" तिनं विचारलं. "सांग ना, कोन? मोठा काका. मंग त्याची बायको, सोनूबाय. मंग तुजी आयस." मी म्हटलं, "मला नाही येत. तूच म्हण." तिची नजर खाली गेली. "माजा श्वास कुनाला लागला तं?" मी म्हटलं, "मी सतरा वर्षं तुझ्या कुशीत झोपले, मला लागला का? डॉक्टरनी काय सांगितलं?" "आनि बिडी?" ती म्हणाली. "ती तं मीच ओढली ना? कुनी तोंडात कोंबली व्हती?" मी तिचा हात धरून बसून राहिले. संध्याकाळी ती आपणहून म्हणाली, "माजं हिरवं लुगडं कुठं ठेवलंस? बघते, जमलं तं."

हळदीचा दिवस! दुपारी चारला अंगण गच्च भरलं. ढोल, ताशा, पोरांचा गोंधळ, कढईत कांद्याच्या भज्यांचा वास. मी पाटावर, अंगाला पिवळी साडी. आणि आत्या आली. हिरवं लुगडं, केस चापून बसवलेले, बाबांच्या खांद्यावर हात. लोकांनी वाट करून दिली, पण कशी, तर जरा जास्तच लांब सरकून. तिनं ते बघितलं. मला वाटलं आता वळून परत जाणार. ती माझ्या शेजारी बसली.

तिनं पहिली ओळ म्हटली. आवाज पूर्वीचा नव्हता, घोगरा, अर्धा. पण तीच ती! बायांनी ओळ उचलली. गावदेवी आली, खाडी आली, आजा आला. पूर्वी एका दमात सात नावं घेणारी आता एका नावाला दोनदा थांबत होती. मोठा काका, सोनूबाय. आता माझी आई. आत्यानं तोंड उघडलं आणि श्वासच येईना. छाती वरखाली होतेय, ओठ हलतायत, आवाज नाही. धवला मध्येच तुटणं म्हणजे मोठा अपशकुन. ढोल थांबले. मागे कुणीतरी पुटपुटलं, "तरी सांगत होते."

नवरीनं आपल्याच हळदीत गायचं नसतं. मी गायले! सोनूबायचीच ओळ परत म्हटली, बेसूर, मोठ्यानं. एक क्षण मी एकटीच. मग भज्यांच्या कढईजवळून एक म्हातारी गायला लागली, मग दुसरी, आणि मग सगळ्या. आम्ही सोनूबायला चारदा मांडवात बोलावलं! आत्यानं डोळे मिटून श्वास गोळा केला, हात वर केला, आणि म्हणाली, "मेले नाय अजून, दम घेत व्हते." अंगण हसलं. मग तिनं हळू, नीट, एकेक अक्षर उचलून गायलं, "चांगुना माऊली या हो मांडवी, लेकीला हलद लागली."

माझी आई आली. मी हुंदके देऊन रडले, सगळी हळद गालावरून ओघळली. बाबा खांबाला धरून उभे होते.

आता मानाचं सूप. रिवाजाप्रमाणे गिरजाकाकी ते घेऊन आली आणि आत्यासमोर ठेवलं. तांदूळ, नारळ, खण, पानं. आणि पानांच्या शेजारी, लाल दोरा बांधलेलं, बिडीचं नवंकोरं बंडल.

काकीनं ते मुद्दाम ठेवलं नव्हतं. सवयीनं हात गेला आणि ठेवलं गेलं, जसं तीस वर्षं ठेवत आली होती. ठेवल्यावरच तिला दिसलं. तिनं हात पुढे केला बंडल काढायला, पण आत्यानं आधी उचललं. सगळं अंगण बघत होतं.

"गिरजे," आत्या म्हणाली, "तुज्या घरात मी किती लग्नं गायली?"

"पाच," काकी म्हणाली.

"पाची वेला सुपात ह्याच व्हतं. हलद-कुंकू लावून दिलंस. सगल्या गावानं दिलं." तिनं चहूकडे नजर फिरवली. रागाने नाही, ओळखीच्या माणसांकडे बघावं तशी. "बिडी दिली तवा ती सगल्यांची व्हती. रोग झाला तवा माजी एकटीची कशी झाली गो?"

आत्यानं बंडल काकीच्या हातात ठेवलं. मानाच्या सुपातलं परत द्यायचं नसतं, आणि तिनं तीस वर्षांत पहिल्यांदा ते परत दिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "रडतेस काय? हलद वाया चालली!" आणि वाटीतली मूठभर हळद घेऊन माझ्या तोंडाला फासली. मी तिच्या तोंडाला फासली. आणि मग आमच्याकडची हळद होते तशी ती हळद झाली, कुणाला सोडलं नाही, कुणी कुणाला सुटलं नाही. तीन महिने जिच्या जवळ कुणी बसत नव्हतं त्या आत्याला बायांनी डोक्यापासून पायापर्यंत पिवळी केली. ढोलवाला तर वेडाच झाला होता.

सगळं एका दिवसात बदललं, असं नाही. तिचे वाईट दिवस परत आले, कधी कधी तोंड परत भिंतीकडे गेलं. नावड्याहून मी दर रविवारी यायची आणि गोळ्या मोजायची. काही घरांनी तिला नंतरही बोलावलं नाही. पण त्या वर्षी ती अजून पाच लग्नं गायली, बायांच्या आधारानं, थांबत थांबत. सुपात आता खडीसाखर असायची. गिरजाकाकीनं चालू केलं ते, कुणाला काही न बोलता.

जानेवारीत आत्या गेली. तेराव्याला घर भरलं होतं. मोऱ्याहून आलेली लांबच्या नात्यातली एक बाई माझ्या शेजारी बसली, पदरानं तोंड पुसलं आणि विचारलंच, "बिडी ओढायची ना गो ती?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, एवढ्यात मागे पत्रावळी मांडत असलेली गिरजाकाकी म्हणाली, "ओढायची. आमीच देत व्हतो."